मेंढ्यांचा वाडा आणि लांडगा: रात्रीची राखण, पंचनामा आणि ‘मारून टाका’चा प्रश्न

माणदेशी

माण, खटाव, जत, सांगोला, करमाळा, इंदापूर, पुरंदर या पट्ट्यात मेंढ्या व्यायला लागल्या की लांडग्याच्या तक्रारी वाढतात. लांडगीणही साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच दिवसांत पिलं घालते. चार-पाच पिलांना भरवायचं तर तिला रोज काहीतरी लागतं, आणि माळावर सगळ्यात सोपं मिळतं ते कोकरू.

2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं दगावली. तेव्हापासून इकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही ‘दिसला की मारा’ असं सर्रास लिहिलं जातं. फोरेट या विषारी कीटकनाशकाचं नाव घेऊन सल्ले दिले जातात. दुसरीकडे ‘त्याचा वाटा त्याने नेला’ म्हणून सोडून देणारे जुने मेंढपाळही आहेत, पण त्यांच्या मुलांना तो तोटा परवडत नाही, हेही खरं आहे.

माझं मत सरळ आहे. मारून नुकसान थांबत नाही, रात्रीच्या बंदोबस्ताने थांबतं. पण बंदोबस्त म्हणजे नेमकं काय, किती फूट, किती कुत्री, कुठे फसतं, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. जाणकारांनी इथे मापांसकट लिहावं. ‘जनजागृती व्हायला हवी’ छापाचे प्रतिसाद नकोत.

पशुवैद्य_फलटण

सुरुवात ‘कुणी मारलं’ इथून करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ‘लांडगा’ म्हणून सांगितलेल्या घटनांमध्ये मोकाट कुत्र्यांच्या घटना भरपूर असतात, आणि कुत्र्याने मारलं तर वन विभागाची भरपाई मिळत नाही.

कुत्री: चावे मागच्या पायांवर, मांड्यांवर, कानांवर, शेपटीखाली. एकाच वेळी पाच-दहा जनावरं फाडलेली, पण खाल्लेलं जवळजवळ काही नाही. काही मेंढ्या जिवंत, मागून चिंधड्या झालेल्या. आसपास लोकर विखुरलेली.

लांडगा: मोठ्या मेंढीला बहुधा गळ्याला किंवा मानेला धरतो, मग पोट आणि मागचा भाग खातो. कोकरू असेल तर उचलून नेतो, जागेवर काहीच उरत नाही. एक-दोन जनावरं घेऊन निघून जातो. पण मेंढ्या जाळीत कोंडलेल्या असतील आणि घाबरून गोल फिरत राहिल्या तर लांडगाही एकामागून एक मारतो. त्यामुळे केवळ संख्या जास्त म्हणून कुत्रं ठरवू नका, चावे कुठे आहेत ते पाहा.

बिबट्या: गळ्याला घट्ट पकड, दातांची खोल छिद्रं, ओढत नेल्याची खूण, बहुतेक वेळा उसाकडे किंवा ओढ्याकडे. पावलाचा ठसा गोल, नखं उमटत नाहीत. लांडगा आणि कुत्रा दोघांचीही नखं उमटतात. लांडग्याचा ठसा लांबट असतो आणि चाल एका रेषेत. कुत्र्याचे ठसे इकडेतिकडे भरकटलेले दिसतात. एका ठशावरून निकाल देऊ नका, वीस-पंचवीस पावलांची ओळ पाहा.

कोल्हा फक्त नवजात कोकरू किंवा करडू नेऊ शकतो. खोकड (कोल्ह्याहून लहान) तेवढंही नेत नाही, तिच्यावर उगीच आळ येतो. तरस बहुतेक वेळा मेलेल्यावर येतं. मोठी हाडं फोडलेली असतील तर तरस येऊन गेलं एवढंच कळतं, मारलं कुणी ते कळत नाही.

एक तपासणी जागेवर करता येते. मानेची कातडी उलटवून आतून पाहा. जिवंतपणी चावलं असेल तर कातडीखाली रक्त साकळलेलं असतं. मेल्यावर कुणी खाल्लं असेल तर तिथलं मांस फिकट दिसतं. पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला हे दाखवायला सांगा. मात्र कातडी त्यांच्याआधी आपण सोलायची नाही.

वाडा_आणि_वाघर

डॉक्टरांनी पाया घालून दिला. मी जाळीबद्दल लिहितो.

पारंपरिक वाघर, म्हणजे वाड्याभोवतीची जाळी, तीन-साडेतीन फुटांची असते. ती मेंढ्यांना आत ठेवण्यासाठी आहे, लांडग्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. लांडगा उडी मारून आत येतो अशी सगळ्यांची समजूत असते. नुकसान जास्त होतं ते दुसऱ्या रीतीने: लांडगा बाहेरून फेरी मारतो, मेंढ्या बिथरून उलट्या बाजूला दाटतात, खुंट्या उपटतात, जाळी आडवी होते आणि कळप अंधारात पांगतो. मग हवं ते उचलतो. म्हणून उंचीइतकंच जाळीचं बूड महत्त्वाचं आहे.

शंभर मेंढ्यांचा हिशोब. मेंढीमागे 10 ते 12 चौरस फूट धरा. 33 बाय 33 फुटांचा चौक होतो, घेर 132 फूट. जाळी पाच फुटी घ्या. भोक दोन ते तीन इंच. चार इंचाला कोकराचं डोकं अडकतं आणि ते तिथेच तडफडून मरतं. खांब बांबूचा किंवा लोखंडी सळईचा, दर सहा फुटांवर एक, म्हणजे 22 खांब. कोपऱ्याच्या चारही खांबांना बाहेरून ताण द्या. खालची पायदोर दर दोन फुटांवर खुंटीने जमिनीला धरा. खुंटी तिरपी ठोका, म्हणजे आतून रेटा आला तर ती सुटत नाही. भुसभुशीत नांगरटीत नऊ इंचांची खुंटी निघून येते, तिथे दीड फुटाची लागते.

कोकरं डालग्यात किंवा वेगळ्या छोट्या जाळीत, आणि ती जाळी चौकाच्या मधोमध. कडेला ठेवली तर आया त्याच बाजूला दाटतात आणि जाळी तिथेच पडते. खोपी आणि चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला न ठेवता ओढ्याच्या किंवा उभ्या पिकाच्या बाजूला ठेवा, कारण जनावर त्याच आडोशाने येतं. तूर, बाजरी, ऊस यांच्यापासून निदान 50 मीटर मोकळी जमीन सोडा. शेतकरी ज्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायला सांगतो ते उसाला लागून असेल, तर वाडा त्याच वावराच्या दुसऱ्या टोकाला टाका. खत सगळीकडेच पडतं.

शिरूरकर

पाच फुटांची जाळी आमच्या भागात चालणार नाही. इथे बिबट्या आहे.

वाडा_आणि_वाघर

बरोबर, शिरूरकर. बिबट्यासाठी उंचीचा उपयोग नाही, छप्पर लागतं. बंदिस्त शेळीपालनाच्या गोठ्याला चारही बाजूंनी चेनलिंक जाळी आणि वरूनही जाळी. दाराखालची फट चार इंचांपेक्षा जास्त नको आणि कडी आतून सरकणारी नको, पंजाने ढकलली जाते. लांडग्यासाठी याच गोठ्याला खाली दीड-दोन फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशी उकरतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं. हीच जाळी उभी पुरायची तर खोल चर खणावी लागते, आडव्या जाळीला खणावं लागत नाही.

राखण

कुत्र्यांबद्दल. चांगली राखणीची कुत्री नसतील तर वरची सगळी जाळी अर्धी कामाची.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना मेंढ्यांत सोडा. साधारण सोळा आठवड्यांपर्यंत ते ज्यांच्यात राहील त्यांनाच आपलं मानतं. या काळात त्याला घरात झोपवू नका, पोरांना खेळायला देऊ नका. खाणं वाड्यातच, मेंढ्यांच्या जवळ. वर्षभराचं होईपर्यंत ते कोकरांशी दांडगाई करतं, कान ओढतं, पाठलाग करतं. तेव्हा ताबडतोब रागवा, पण कळपातून हाकलू नका. गळ्यात एक आडवं लाकूड लोंबतं ठेवलं की धावताना ते गुडघ्याला लागतं आणि पाठलागाची खोड मोडते.

दोनशे मेंढ्यांना चार-पाच कुत्री तरी हवीत, आणि सगळी एकाच बाजूला नकोत. लांडगे बहुधा दोन-तीन मिळून येतात. एक दिसेल असा फिरतो, कुत्री त्याच्या मागे जातात, दुसरा मागून कोकरू नेतो. त्यामुळे लांब पाठलाग करणारं कुत्रं राखणीला वाईट. वाड्यापासून फार न जाता भुंकत उभं राहणारं कुत्रं चांगलं. पिल्लं निवडताना आईचा हा गुण पाहा, अंगपिंड नंतर.

नुसत्या भाकरीवर ठेवलेलं कुत्रं रात्री सशामागे आणि गावच्या उकिरड्यावर जातं. मेलेल्या मेंढीचं कच्चं मांस मात्र कधीच देऊ नका. सवय लागते, आणि जंतांच्या गाठींचा फेरा मेंढीतून कुत्र्यात, कुत्र्यातून मेंढीत आणि माणसात सुरू राहतो.

काटेरी पट्टा: अडीच इंच रुंद कातडं, इंचभर बाहेर येणारे बोथट न झालेले खिळे, आतून दुसरं कातडं शिवलेलं, म्हणजे खिळ्याची डोकी मानेला टोचत नाहीत. आठवड्यातून एकदा काढून मान पाहा. पावसाळ्यात खाली जखम होऊन किडे पडतात. पट्ट्याचा फायदा मुख्यत्वे बिबट्यासमोर आहे, तो मानेलाच धरतो.

पशुवैद्य_फलटण

राखण यांच्या प्रतिसादात लसीची भर. कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस, आणि पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. यात मेंढपाळाचा स्वतःचा फायदा आहे. माळावरच्या कुत्र्यांकडून लांडग्यांना डिस्टेंपर आणि रेबीज जातो, आणि पिसाळलेला लांडगा माणसावर येतो. निरोगी लांडगा आपल्या भागात माणूस दिसला की टळतो.

माद्यांची नसबंदी करा. माजावर आलेली कुत्री माळावर लांडग्याला वाड्याजवळ आणते. पुणे जिल्ह्यातल्या प्राण्यांच्या जनुकीय तपासणीतून कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिद्ध झालं आहे. नसबंदीने राखण कमी होत नाही, उलट कुत्रं वाडा सोडून भटकत नाही.

जत_तालुका

हे सगळं वाचायला चांगलं आहे. आता मेंढपाळाच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे. पाच फुटी जाळी, 22 खांब, पाच कुत्री, लसी, नसबंदी. हा वाडा रोज हलतो, सामान घोड्यावर असतं. सगळा खर्च आणि सगळी जागरणं त्याने करायची, आणि लांडगा वाचल्याचा आनंद शहरातल्यांनी घ्यायचा. कळप चरायला बाहेर असतो तेव्हाचं काय? दिवसाउजेडी ओघळीतून येऊन नेतो. दोन माणसं आणि दोनशे बकरी, तिथे जाळी कामाची नाही. मग लोक म्हणणारच की एकदाचा मारून टाका.

वनकायदा

जत_तालुका यांचा राग रास्त आहे. तरी मारण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते स्पष्ट असू द्या, कारण ग्रुपांवर चुकीचं पसरतं आणि अडकतो गरीब माणूस.

लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. कलम 11 प्रमाणे अशा प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी, आजारी असेल तरच. मेंढ्या मारतो हे कारण त्यात बसत नाही. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये. पिलांचं बीळ धुराने भरणं, तोंड दगडांनी बुजवणं हीही शिकारच धरली जाते.

आता भरपाई. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी-शेळीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी जे कमी ते. गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी 75 टक्के किंवा 70,000. म्हणजे 12,000 ची मेंढी गेली तर 9,000. 4,000 चं कोकरू गेलं तर 3,000. अर्ज करताना चालू दर वनरक्षकाकडून विचारून घ्या. लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा, रानकुत्रे हे यादीत आहेत, भटकं कुत्रं नाही.

करायचं असं. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. काटे किंवा ताडपत्री टाकून कुत्र्या-कावळ्यांपासून झाका. उजाडताच फोटो काढा: पूर्ण जनावर, गळ्याची जखम, कानातला बिल्ला, ठशाशेजारी नाणं किंवा काडेपेटी, आणि मागे ओळखू येईल अशी खूण, विहीर किंवा खांब. फोनचं लोकेशन चालू ठेवा. 48 तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाला कळवा. फोन लागत नसेल तर 1926 या टोल फ्री क्रमांकावर नोंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पंचनाम्याला वन कर्मचारी, पशुवैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच लागतात. आधार आणि पासबुकाची प्रत जोडा.

अर्ज फेटाळला जातो तो कशाने? जनावर आधीच पुरलं किंवा विकलं. वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेला आणि पंचनाम्याला मालक जागेवर नाही. किंमत कमी लावली आणि कुणी हरकत घेतली नाही. आणि एक कलम फार थोड्यांना माहीत असतं: त्या परिसरात त्यानंतर विषाने वन्यप्राणी मेल्याचं आढळलं तर भरपाई अडते. म्हणजे एकाने विष टाकलं की आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांचे अर्ज धोक्यात.

माणदेशी

उचलून नेलेल्या कोकराचं काय? तिथे दाखवायला काहीच नसतं, आणि लांडग्याचं बहुतेक नुकसान तेच आहे.

वनकायदा

सगळ्यात कच्चा दुवा तोच. पूर्ण उपाय नाही, पण तीन गोष्टींनी अर्ज उभा राहतो. एक, वाड्याची वही: कोणती मेंढी कधी व्याली, कोकरू नर की मादी, रंग. दोन, मेंढ्यांना बिल्ले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून बारा अंकी बिल्ला मारून घ्या. कोकराच्या आईचा क्रमांक वहीत असेल आणि तिची कास भरलेली असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी तसं लिहून देऊ शकतो. तीन, रक्त, लोकर, ओढल्याची खूण आणि ठसे यांचे फोटो. पंच म्हणून ज्याच्या वावरात मेंढ्या बसवल्या आहेत त्या शेतकऱ्याला घ्या. तो स्थानिक असतो, सातबारा त्याच्या नावावर असतो, वनरक्षक त्याला ओळखतो.

2023 मध्ये राज्याने या भरपाईसाठी स्वतंत्र अधिनियम केला आहे, मुदतीत पैसे न दिल्यास व्याजाची तरतूद आहे. अर्जाची पोच घेतली नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. पोच घ्या.

सॅनअँजेलोकर

टेक्सासमधून लिहितो आहे. सॅन अँजेलो आणि एडवर्ड्स पठार हा मेंढ्या-अंगोरा शेळ्यांचा जुना भाग. इथला वैरी कायोटी, लांडग्याच्याच कुळातला, वजनाने आपल्या लांडग्यापेक्षा लहान, 9 ते 20 किलो. ‘मारून टाका’चा प्रयोग या देशाने शंभर वर्षं केला आहे, म्हणून त्याचा निकाल सांगतो.

इथे कायोटी मारायला जवळजवळ बंधन नाही. सापळे, फास, बंदूक, हेलिकॉप्टर, विष, सगळं झालं. केंद्र सरकारचा वाइल्डलाइफ सर्व्हिसेस विभाग दरवर्षी पन्नास-साठ हजारांच्या घरात कायोटी मारतो, खासगी शिकार वेगळी. तरीही पश्चिमेच्या मैदानातलं हे जनावर आज अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आणि अलास्कापासून मध्य अमेरिकेपर्यंत पसरलं आहे. कारण जोडी आपला इलाखा राखते. ती मारली की रिकाम्या जागेत भटके तरुण शिरतात, उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिलं जास्त जगतात. मेंढी मारणारा एक विशिष्ट नर मारला तर काही महिने शांतता मिळते. सरसकट मारण्याने तीही नीट मिळत नाही.

विषाचे दोन प्रकार सांगण्यासारखे. एम-44 म्हणजे जमिनीत रोवलेली स्प्रिंगची नळी, आमिष ओढलं की तोंडात सायनाइड उडतं. 2017 मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलोजवळ एका मुलाच्या अंगावर ते उडालं, त्याचा कुत्रा मेला. केंद्राच्या जमीन विभागाने 2023 मध्ये आपल्या जमिनीवर त्याला बंदी केली. दुसरा प्रकार मेंढीच्या गळ्यात विषाची रबरी पिशवी बांधायचा. गळ्याला धरणारा कायोटीच मरतो. नेमकं आहे, पण मेंढी बळी द्यावी लागते आणि खर्च फार.

इथल्या शेतकऱ्यांमध्ये ‘माझी जमीन, माझी मेंढी, माझी बंदूक’ हा विचार घट्ट आहे, आणि त्यांचा तोटा खरा आहे. तरी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीने 2000 च्या सुमारास केंद्राच्या शिकाऱ्यांचा करार सोडला आणि तोच पैसा कुंपण आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी मेंढपाळांना दिला. जत_तालुका विचारतात तो ‘खर्च कुणाचा’ हा प्रश्न तिथे असा सोडवला गेला.

एक मोठा फरक लक्षात ठेवा. इथे मेंढ्या कुंपणात एकट्या असतात, माणूस दिवसभरात एकदा येतो. म्हणून इथे गाढव, लामा, ग्रेट पिरेनीज कुत्री ठेवतात. (गाढवीण एकच ठेवायची, दोन ठेवल्या तर त्या एकमेकींजवळ राहतात आणि कळप विसरतात.) तुमच्याकडे माणूस चोवीस तास कळपासोबत आहे. एवढी मोठी राखण इथे कुणाला परवडत नाही.

शिरूरकर

‘काढून टाका’ हे आमच्याकडे बिबट्याच्या बाबतीत होऊन गेलं आहे. 2001 पासून जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेल्याचं दिसलं.

वाडा_आणि_वाघर

जत_तालुका यांना उत्तर द्यायचं राहिलं. हलत्या वाड्यासाठी पट्ट्यांची दोरी हा कमी वजनाचा उपाय आहे. युरोपात लांडग्याला वेढण्यासाठी जुन्या काळापासून वापरतात.

जाळीच्या बाहेर 15 फुटांवर दोरी फिरवायची. वरच्या 33 फुटी चौकाला बाहेरचा चौक 63 फुटांचा, घेर 252 फूट. दर दीड फुटाला एक लाल पट्टी, म्हणजे 168 पट्ट्या. पट्टी चार इंच रुंद, अठरा इंच लांब. दोरी जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे पट्टीचं टोक सहा इंच वर लोंबतं राहतं. खुंट्या दर 12-15 फुटांवर, दोरी सैल पडली की मधे झोळ येतो आणि जनावर त्यावरून ओलांडतं. पट्टी दोरीला घट्ट शिवा. नुसती गाठ मारली तर वाऱ्याने दोरीभोवती गुंडाळली जाते आणि तिथे दार उघडं पडतं. दोरी पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवली तर दोन माणसं वीस मिनिटांत लावतात.

लांडगा हलत्या पट्टीची रेषा ओलांडायला बिचकतो. एकाच जागी लावून ठेवली तर साधारण दोन महिन्यांत भीड चेपते. वाडा रोज हलत असेल तर तो प्रश्न कमी येतो. गरज नसेल तेव्हा गुंडाळून ठेवा. मोकाट कुत्र्यांवर मात्र हिचा भरवसा धरू नका.

लुकलुकणारे सौर दिवे याच तत्त्वाचे. सारखा जळणारा दिवा निरुपयोगी. वेळ आणि रंग बदलणारा हवा, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलायची.

दिवसाच्या चराईत नेतात त्याला जाळी नाही, हे मान्य. तिथे दोन गोष्टी. नुकत्याच व्यालेल्या आणि लंगड्या मेंढ्या मागे पडतात, त्यांना वाड्यापाशीच ठेवा, चारा तिथे द्या. आणि सकाळी ओघळीच्या, घायपाताच्या बाजूने कळप नेताना एक माणूस पुढे न राहता आडोशाच्या बाजूने चालावा.

गवताळ

शिकारीबद्दल एवढी चर्चा झाली, लांडगा मेंढीवर का आला हेही लिहिलं पाहिजे. काळवीट, चिंकारा, ससा हे त्याचं मूळ खाणं गवताळ माळावरचं. त्याच माळावर चर खणून झाडं लावली, सौर प्रकल्प आले, औद्योगिक वसाहती आल्या, प्लॉटिंग झालं. लागवड झाली की चराईबंदी येते. म्हणजे मेंढपाळ आणि लांडगा दोघंही उरलेल्या तुकड्यावर ढकलले जातात. एकमेकांसमोर ते उगीच उभे नाहीत.

दुसरं कारण लगेच हाताळता येण्यासारखं: पोल्ट्रीची मेलेली पाखरं माळावर, पुलाखाली फेकतात. त्यावर आधी मोकाट कुत्री वाढतात, मग लांडगा येतो. ग्रामपंचायतीने ठराव करून शेडमालकाला खड्डा सक्तीचा करावा. सहा फूट खोल, प्रत्येक थरावर चुना, वर निदान तीन फूट माती. मेलेल्या मेंढीलाही हेच, पंचनामा झाल्यावर.

पशुवैद्य_फलटण

विषाबद्दल शेवटचं. फोरेटवर देशात 2020 च्या अखेरपासून बंदी आहे, तरी जुना साठा निघतो. मेलेल्या मेंढीत ते भरलं की सगळ्यात आधी मरतात ती वाड्याचीच कुत्री, कारण ती जवळ असतात. मग घारी, कावळे, तरस, आणि ओढ्याच्या पाण्यातून बकरी. राखणीची कुत्री गेली की पुढची रात्र लांडग्याला मोकळी. कुत्र्याला लाळ, थरथर, बारीक झालेली बाहुली, जुलाब दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा, ॲट्रोपिन हा उतारा वेळेत मिळाला तर वाचतं. दूध-तूप पाजत वेळ घालवू नका.

वीजवाहिनीचा करंट कुंपणात सोडणं हा तर माणूस मारायचा रस्ता आहे. कुंपणाला झटकाच हवा असेल तर 12 व्होल्ट बॅटरीवरचं सौर झटका यंत्र घ्या. सेकंदाला एक क्षणिक झटका, तो मारत नाही. गवत तारेला टेकलं की झटका उतरतो, आणि अर्थिंगची एकच सळई कोरड्या मुरमात ठोकली तर तो लागतच नाही. तीन सळया, दहा-दहा फुटांवर, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी.

जत_तालुका

सॅनअँजेलोकरांनी सांगितलं ते पटलं. जाळी आणि दोरीचा पैसा भरपाईच्या आधी मिळाला पाहिजे. जिल्हा वार्षिक योजनेतून चारा-पाण्याची कामं होतात, मग पाच फुटी जाळी का नाही? मेंढपाळ संघटनांनी भरपाई वाढवा म्हणण्यासोबत हीही मागणी लावून धरावी. वाड्यामागे एक जाळी, एक दोरी, चार दिवे, कुत्र्यांच्या लसी. फिरत्या कळपाला हे गावाच्या हद्दीप्रमाणे न देता पशुपालकाच्या मूळ गावात द्यावं.

एक प्रश्न: लांडगा माणसाला चावला तर?

पशुवैद्य_फलटण

रेबीज धरूनच चालायचं. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा, हळद-चुना-मिरची काही लावू नका, टाके लगेच घालू देऊ नका. वन्यप्राण्याचा रक्त काढणारा चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत येतो, म्हणून लसीसोबत जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. प्राथमिक केंद्रात ते नसेल तर थांबू नका, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. दंडात लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. वाडा पुढे सरकला तरी कार्ड जवळ ठेवून पुढच्या केंद्रात डोस पूर्ण करा. चावणारा लांडगा दिवसा, एकटा, माणसाला न बिचकता येत असेल तर वन विभागाला तातडीने कळवा. चावलेल्या मेंढ्या-कुत्र्यांवरही लक्ष ठेवा.

माणदेशी

पट्ट्यांची दोरी पावसात चालेल का? जून-जुलैत वाडे परत येतात तेव्हाही हेच लागेल.

वाडा_आणि_वाघर

सुती कापड भिजलं की हलत नाही आणि लांडगा सरळ खालून जातो. पावसाळ्यासाठी पातळ रेक्झिन किंवा खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पट्टी वापरा, खालच्या टोकाला छोटी चीर द्या म्हणजे थोड्या वाऱ्यातही फडफडते. दोरी नायलॉनची घ्या. सुतळी पाण्याने आकसते, मग पट्ट्या वर उचलल्या जातात आणि सहा इंचांची फट फुटाची होते. रोज संध्याकाळी लावून झाल्यावर एक फेरी मारून ती फट हाताने मोजा: अंगठा आणि करंगळी ताणून जेवढी वीत होते, त्यापेक्षा जास्त नको.